गाठ काढली, आता केमोथेरपी घ्यावी का?

(पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या मेळाव्यात निकाल, शिष्यवृत्ती आणि मुलींच्या पुढील शिक्षणाबद्दल बोलण्याची प्रथा आहे. आजचा विषय त्याहून वेगळा आहे. स्तनाचा कर्करोग हे शब्द आपल्या घरांत अजूनही मोठ्याने उच्चारले जात नाहीत. 'तिला मोठा आजार झाला' एवढेच कुजबुजत सांगितले जाते. परंतु गेल्या काही वर्षांत या सभागृहातील कितीतरी कुटुंबांच्या दारात हा आजार येऊन गेला आहे. आपल्यापैकी कोणाच्या अम्मीला, कोणाच्या आपाला, कोणाच्या खालाला तो झालेला आहे. शहरी भारतात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत हाच कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. म्हणून याविषयी उघडपणे बोलले पाहिजे.

मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तसे मी सांगणारही नाही. पण शिक्षकाला एक गोष्ट अनुभवाने कळलेली असते. पुष्कळ मुले उत्तर येत असूनही गुण गमावतात, कारण त्यांनी प्रश्न नीट वाचलेला नसतो. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी घ्यावी की न घ्यावी, या बाबतीत आपल्या घरांत नेमके हेच घडते. प्रश्न न वाचताच उत्तर दिले जाते.

आधी प्रश्न समजून घेऊ. एखाद्या भगिनीची गाठ लहान असताना लक्षात आली, तपासणीत आजार शरीरात इतरत्र कोठे दिसला नाही, आणि शस्त्रक्रिया करून गाठ काढली गेली. टाके सुकत आले. घरात सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अशा वेळी डॉक्टर केमोथेरपीचा विषय काढतात आणि घरातील माणसे गोंधळतात. गाठ तर काढून टाकली, मग हे औषध कशासाठी?

याचे उत्तर असे आहे की शस्त्रक्रियेने दिसणारा आजार जातो. पण गाठ शरीरात असताना तिच्यातील काही पेशी रक्तावाटे किंवा काखेतील ग्रंथींवाटे पुढे निसटलेल्या असू शकतात. त्या इतक्या सूक्ष्म असतात की कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. काही वर्षांनी त्याच पेशी हाडात, फुप्फुसात किंवा यकृतात डोके वर काढतात. शेतकरी कुटुंबातून आलेल्या मंडळींना हे लगेच कळेल. तण उपटले तरी त्याचे बी आधीच वाऱ्याने शेतात पसरले असेल तर पुढच्या पावसात ते उगवते. केमोथेरपी ही या न दिसणाऱ्या बियांसाठी असते. बी पडले आहे की नाही हे मात्र खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. सगळी अडचण येथे आहे.

हा विचार फार जुना नाही. पूर्वी शस्त्रक्रिया जेवढी मोठी तेवढी रोगी सुरक्षित, अशी समजूत होती. इटलीतील मिलान शहरात डॉ. जियानी बोनाडोना यांनी काखेतील ग्रंथींपर्यंत आजार पोहोचलेल्या स्त्रियांवर एक अभ्यास केला आणि १९७६ साली तो प्रसिद्ध केला. काही स्त्रियांवर केवळ शस्त्रक्रिया झाली होती; इतरांना त्यानंतर तीन औषधांची केमोथेरपी दिली गेली. सुमारे सव्वादोन वर्षांनी पाहिले तेव्हा केवळ शस्त्रक्रिया झालेल्या १७९ स्त्रियांपैकी २४ टक्क्यांचा आजार उलटला होता. औषध घेतलेल्या २०७ स्त्रियांत हे प्रमाण ५.३ टक्के होते. पुढे वीस वर्षांनंतरचा हिशेब मांडला तेव्हा हा फरक कमी झालेला होता, पण नाहीसा झालेला नव्हता. त्यानंतर जगभर लक्षावधी स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी देण्याची पद्धत पडली आणि तीमुळे पुष्कळ जीव वाचले.

परंतु या प्रवासात दुसरीही गोष्ट ध्यानात आली. ज्यांना केमोथेरपी दिली गेली त्यांतील कितीतरी स्त्रिया औषधाशिवायही बऱ्याच राहिल्या असत्या. मग गरज कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे ओळखायचे कसे? या प्रश्नावर अमेरिकेसह सहा देशांत दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. या स्त्रियांच्या काखेतील ग्रंथींत आजार नव्हता आणि त्यांची गाठ हार्मोनवर वाढणाऱ्या प्रकारची होती. गाठीतील जनुकांची तपासणी करून जोखमीचा आकडा काढला गेला. ज्यांचा आकडा मधला आला त्यांच्यापैकी काहींना केमो व हार्मोनची गोळी, तर काहींना केवळ गोळी दिली. नऊ वर्षांनंतर दोन्ही गटांत जिवंत असलेल्यांचे प्रमाण जवळजवळ सारखे, म्हणजे सुमारे ९४ टक्के होते. पन्नाशीच्या आतील काही स्त्रियांना मात्र केमोचा थोडा फायदा दिसला. २०२१ साली आणखी एका अभ्यासाने दाखवले की याच प्रकारात काखेतील एक ते तीन ग्रंथींत आजार असला आणि तपासणीतील आकडा कमी असला, तर पाळी गेलेल्या स्त्रियांना केमोने वेगळा लाभ होत नाही. पाळी चालू असलेल्यांना होतो.

म्हणजे 'केमो घेतलीच पाहिजे' हे सरसकट खरे नाही आणि 'केमो घेऊच नये' हेही सरसकट खरे नाही. सर्व काही त्या भगिनीच्या रिपोर्टवर अवलंबून आहे.

आता तो रिपोर्ट वाचू. काढलेली गाठ प्रयोगशाळेत पाठवतात आणि काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा कागद येतो. आपल्याकडे तो पिशवीत घडी करून ठेवला जातो. वस्तुतः सगळ्या निर्णयाची किल्ली त्या कागदात असते. त्यात पाच गोष्टी शोधा. पहिली, गाठ किती सेंटिमीटरची होती. दुसरी, तिचा ग्रेड. १ म्हणजे सावकाश वाढणारी आणि ३ म्हणजे झपाट्याने वाढणारी. तिसरी, काखेतील किती ग्रंथी तपासल्या आणि त्यांपैकी कितींत आजार सापडला. चौथी, ई.आर. आणि पी.आर. या हार्मोनच्या तपासण्या पॉझिटिव्ह आहेत की निगेटिव्ह. पाचवी, हर-टू ही तपासणी. या तपासण्या झालेल्या नसतील तर त्या आधी करून घ्याव्यात. त्यांच्याशिवाय निर्णय घेणे म्हणजे प्रश्नपत्रिका न पाहता उत्तरपत्रिका भरणे होय.

ई.आर., पी.आर. आणि हर-टू ही तिन्ही निगेटिव्ह आली तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. आपल्या देशात याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. या प्रकारावर हार्मोनच्या गोळीचा उपयोग नसतो, म्हणून गाठ अगदीच बारीक नसेल तर केमो टाळणे धोक्याचे असते. हर-टू पॉझिटिव्ह असल्यास बहुधा केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब नावाचे औषध साधारण वर्षभर दिले जाते. भारतात तयार होणारे असे औषध २०१४ पासून मिळू लागल्यावर त्याची किंमत बरीच उतरली. आणि ई.आर. पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काखेतील ग्रंथी स्वच्छ, गाठ लहान अशी स्थिती असेल, तर केमोची गरज आहे का हा खरोखरच विचारण्याजोगा प्रश्न ठरतो.

अशा वेळी जनुकांच्या तपासणीचा उपयोग होतो. परदेशी तपासणीचा खर्च लाखांच्या घरात जातो. आपल्याच देशात, बंगळुरू येथे डॉ. मंजिरी बाकरे यांनी २०११ साली स्थापन केलेल्या संस्थेने 'कॅनअसिस्ट ब्रेस्ट' नावाची तपासणी तयार केली आहे. ती गाठीतील पाच प्रथिने पाहून जोखीम कमी की जास्त हे सांगते आणि तिचा खर्च परदेशी तपासणीहून बराच कमी आहे. तीही प्रत्येकीला लागतेच असे नाही. ज्या स्त्रीचा रिपोर्ट स्पष्टपणे एका बाजूला झुकलेला आहे, तिने त्यावर पैसे घालवण्याचे कारण नाही.

आता थोडे गणित करू. त्रैराशिक येणाऱ्या आठवीच्या मुलालाही हे समजेल. केमोथेरपीमुळे आजार उलटण्याचा धोका सर्वसाधारणपणे एक तृतीयांशाने कमी होतो असे धरू. आता एकसारखा रिपोर्ट असलेल्या १०० स्त्रियांची कल्पना करा. त्यांपैकी ३० जणींचा आजार केमोशिवाय उलटणार असेल, तर केमोने तो २० जणींचा उलटेल. म्हणजे १० जणी वाचल्या. दुसऱ्या १०० स्त्रियांचे रिपोर्ट चांगले आहेत आणि त्यांच्यातील फक्त ६ जणींचा आजार उलटणार आहे. तेथे केमोने ४ जणींचा उलटेल. म्हणजे फायदा दोघींना झाला आणि औषधाचा त्रास मात्र शंभर जणींनी सोसला. एक तृतीयांश हा आकडा दोन्हीकडे तोच आहे. पण एकीकडे त्याचा अर्थ दहा होतो आणि दुसरीकडे दोन. म्हणून डॉक्टरांना 'फायदा किती टक्के?' एवढेच विचारू नका. 'माझ्यासारख्या शंभर जणींत किती जणींना फायदा होईल?' असे विचारा. हा हिशेब मांडणारे 'प्रेडिक्ट' नावाचे एक साधन ब्रिटनमधील तज्ज्ञांनी केले आहे आणि ते संगणकावर विनामूल्य पाहता येते. ते तिकडच्या स्त्रियांच्या माहितीवर बेतलेले आहे, म्हणून डॉक्टरांना सोबत घेऊनच पाहावे.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात त्रास आहे. तोही खरा सांगितला पाहिजे. बहुतेक औषधे साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने सलाईनमधून देतात, आणि असे चार, सहा किंवा आठ डोस होतात. नेहमीच्या औषधांत केस जातात. ते पुढे बहुधा परत येतात. उलट्यांवर आता चांगली औषधे आहेत, पूर्वीसारखे हाल होत नाहीत. थकवा येतो. काही औषधांनी बोटांना मुंग्या येतात आणि त्या पुष्कळ दिवस राहू शकतात. लाल रंगाच्या एका औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी हृदयाची तपासणी करतात. पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा दिवसांत १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी काढा देत न बसता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. तरुण स्त्रीची पाळी कायमची जाऊ शकते. तिला पुढे मूल हवे असेल तर औषध सुरू होण्यापूर्वी तसे डॉक्टरांना सांगावे. रमजानात उपचार चालू असतील तर आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची मुभा धर्माने दिलेलीच आहे. त्याचा अपराधी भाव कोणा भगिनीच्या मनात राहू देऊ नका.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो. केमो नको असे ठरले म्हणजे उपचार संपले असे नव्हे. हार्मोन पॉझिटिव्ह असलेल्या स्त्रीने टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी किमान पाच वर्षे, न चुकता घ्यायची असते. स्तन राखून फक्त गाठ काढली असेल तर बहुतेक वेळा किरणोपचारही घ्यावे लागतात. बरे वाटू लागले म्हणून वर्षभरात गोळी सोडून देणे ही आपल्याकडे वारंवार घडणारी गोष्ट आहे. ती लहानशी दिसणारी गोळी कित्येक स्त्रियांत केमोपेक्षा मोठे काम करीत असते.

माझ्या पाहण्यातील दोन घरे सांगतो. नावे सांगण्याचे कारण नाही. एक माझी खाला. वय ५८, गाठ दीड सेंटिमीटरची, ग्रंथी स्वच्छ, हार्मोन पॉझिटिव्ह. घरात बैठक बसली. एक मामू म्हणाले, पैशाकडे पाहू नका, केमो लावाच. दुसरे म्हणाले, केमोने माणूस आणखी खचतो, मुळीच नको. तास-दीड तास चर्चा चालली आणि खाला आत स्वयंपाकघरात चहा करीत होती. तिला कोणी बोलावले नाही. चौथीपर्यंत शिकलेली ती बाई पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर स्वतः म्हणाली, "डॉक्टरसाहेब, घेतले तर किती फायदा आणि नाही घेतले तर किती तोटा, तेवढे मला समजावा." डॉक्टरांनी कागद ओढून हिशेब मांडून दाखवला. तिने गोळी आणि किरणोपचार पत्करले, केमो नाकारली.

दुसरे घर माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे. तिच्या अम्मीचे वय ३७, गाठ अडीच सेंटिमीटरची, ट्रिपल निगेटिव्ह. नातेवाईक म्हणाले, केस गेले तर सगळ्या मोहल्ल्यात कळेल, मुलीचे नाते जुळायला अडचण येईल. तेव्हा दहावीत असलेली ती मुलगी इंग्रजी रिपोर्ट घेऊन बसली. एकेक शब्द डॉक्टरांना विचारून तिने अम्मीला समजावून सांगितला. अम्मीने केमोचे सगळे डोस पुरे केले.

या दोघींचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. ते मी मुद्दाम सांगत नाही. कारण निर्णय योग्य होता की नाही हे निकालावरून ठरवायचे नसते. चांगला विचार करून घेतलेल्या निर्णयानंतरही शंभरांत काहींचा आजार उलटतो. तसे झाले तर घरातील कोणीही त्या स्त्रीला 'तेव्हाच सांगितले होते' असे म्हणू नये. त्या वेळी हातात असलेला कागद नीट वाचला होता का आणि जिचे शरीर तिला विचारले होते का, एवढ्या दोनच गोष्टी माणसाच्या हातात असतात. या दोन्ही घरांत त्या झाल्या.

आपल्या शहरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात, याची सोय आहे. एके काळी मराठवाड्यातील कर्करोगाच्या रोग्याला रात्रीची गाडी धरून मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जावे लागे. १९४१ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाने आपल्या कित्येक पिढ्यांना आधार दिला. पण तीन आठवड्यांनी एकदा मुंबईला जायचे, राहण्याची सोय शोधायची, रोजगार बुडवायचा, यामुळे पुष्कळ जणी दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतर घरीच राहत. २०१२ साली आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. केमोथेरपी आणि किरणोपचार दोन्ही तेथे मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. खर्चाच्या भीतीने घरी बसण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी.

वेळेचेही भान ठेवावे. केमो घ्यायची ठरल्यास ती साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांत सुरू करतात. तीन महिन्यांच्या पुढे गेल्यास तिचा लाभ कमी होतो. म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यास अवधी आहे, पण वर्षभर झाडपाल्याचे औषध करून पाहण्यास नाही. दुसरे मत घेताना पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट बरोबर न्यावा. गाठीचे ब्लॉक आणि स्लाइडही मागून घेता येतात.

शेवटी पुरुष पालकांना एक विनंती. आपल्या घरांत प्रेमापोटी बाईपासून आजाराचे नाव लपवले जाते. 'तिला सांगू नका, ती खचेल,' असे आपण म्हणतो. जी स्त्री घरातील सगळ्यांची दुखणी काढते, तिला स्वतःचे दुखणे ऐकण्याची ताकद नाही, असे आपण कोणत्या आधारावर ठरवतो? तिला तिच्या भाषेत सांगा. डॉक्टरांच्या खोलीत तिला बाहेरच्या बाकावर न बसवता खुर्चीवर बसवा. सल्ला सर्वांनी द्यावा. 'हो' किंवा 'नाही' हे तिच्या तोंडून यावे.

आणि माझ्या विद्यार्थिनींनो, इंग्रजी, विज्ञान आणि गणित हे विषय परीक्षेपुरते आहेत असे समजू नका. एखाद्या दिवशी तुमच्या घरात असा कागद येईल. न येवो. पण आला तर तो पिशवीत राहू देऊ नका. अम्मीच्या शेजारी बसा, एकेक ओळ वाचून दाखवा आणि न समजलेले शब्द डॉक्टरांना निर्भयपणे विचारा. आपल्या संस्थेने ज्या शिक्षणासाठी एवढे कष्ट घेतले, त्याचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.